काळी चारची पट्टी

भुताखेतांचं मला सांगू नका. मेहकरला माझं साउंड सिस्टिमचं दुकान आहे, तेही स्मशानाच्या रस्त्यावर, आणि तिथं मला आजवर फक्त डासांनी छळलंय. आवाज म्हणजे हवेची थरथर... एवढंच मानणारा माणूस मी. तरी हे लिहितोय, कारण घडलं ते माझ्याच टेबलावर, भर दुपारी.

आमचे काका अमडापूरच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे आणि काकू गायची. तिचा सूर काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी. म्हणून काका आधी तीच पट्टी दाबून धरायचे, तिला सूर सापडेपर्यंत. काका गेले आणि काकूचं गाणंच बंद झालं. पेटी कोपऱ्यात पडली, उंदरांनी भाता कुरतडला. काळी चारचं तर रीडच, आतली सूर काढणारी पितळी पात, तुटलं. दाबली की नुसती हवा.

मी म्हटलं, पेटी पार मोडायच्या आत तिचा आवाज कीबोर्डात उतरवून देतो. भात्याला चिकटपट्टी लावून एकेक सूर रेकॉर्ड केला, मागची फुसफुस सॉफ्टवेअरनं पुसली. काळी चार रिकामी ठेवली — शेजारचा सूर थोडा ओढून नंतर भरता येतो.

काकूला बोलावून वाजवून दाखवलं.

"साजरं आहे," ती म्हणाली, "पण एवढं काऊन धुतलं रे? तुह्या काकाची पेटी दम घ्यायची. हे तं दवाखान्यातल्या मशीनवानी वाजून राह्यलं."

मला राग आला. एवढी मेहनत केली होती. "मग तूच वाजव," म्हणालो आणि उठलो.

तिनं काकांच्या सवयीनं आधी काळी चारच दाबली. ती रिकामी आहे, असं मी सांगणारच होतो...

ती वाजली. आधी भात्याचा श्वास, मग सूर, शेवटी किंचित हललेला — काकांचा हात दमला की हलायचा तसाच. काकूनं डोळे मिटले आणि गायला लागली. आवाज बसका होता, पण सुरात होता. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

नंतर मी तपासलं. त्या पट्टीवर फाइलच नाही. मी दाबली तर शांत. वायर, स्पीकर, सेटिंग, सगळं पाहिलं. या कामात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही, हे आजही सांगतो.

"काकू, हे वाजलं कसं?"

"कसं म्हणजे?" ती म्हणाली. "मले सूर द्याले त्यायनं कधी उशीर केला का?"

काकू आता दर गुरुवारी बसनं मेहकरला येते, ती पट्टी दाबते आणि गाते. माझ्या बोटाखाली ती मुकीच राहते. शेजारचा सूर ओढून ती भरणं माझ्या डाव्या हाताचं काम आहे... पण ते मी करत नाही.