डोहातली पांढरी पट्टी

मंदाताई माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघत नसत, खांद्यांकडे बघत. पहिल्या भेटीत मला वाटलं, माझ्या खांद्यावर पाल बसली आहे की काय. मुरबाड तालुक्यातल्या, काळू नदीकाठच्या त्या गावात मी शिक्षिका म्हणून नुकतीच रुजू झाले होते आणि त्यांच्या घरासमोरची खोली भाड्याने घ्यायला आले होते. त्यांनी मला न्याहाळलं आणि म्हणाल्या, "डावा खांदा उतरता हाय तुझा. पिशवी उजवीकडं घेत जा गो." गावातल्या बायकांची पोलकी त्या अशी नजरेनेच बेतत. गळ्यात टेप असे, पण तो रुबाबापुरता.

मंदाताईंचं माहेर नदीच्या पलीकडच्या काठावर. इतकं समोर, की भावाच्या अंगणातला आंबा यांच्या ओटीवरून दिसे आणि वहिनी भावावर खेकसली की तेही ऐकू येई. उन्हाळ्यात खडकांवरून पायी जाता येई. पण एकदा पाणी चढलं की दिवाळीपर्यंत उतरायचं नाही, आणि मग त्याच आंब्यापाशी पोचायला सरळगावला जाऊन एस.टी. बदलावी लागे. पुरुष सरळ पोहून जात. बायकांनी मात्र गुडघ्यापलीकडे पाण्यात जायचं नाही, असा रिवाज होता. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"सगळा जल्म या आंब्याला वळसा घालण्यात गेला," एक दिवस त्या मशीन थांबवून म्हणाल्या, "आता मी सरळ जानार." तेव्हा त्या पंचेचाळिशीला टेकल्या होत्या.

शिकवायला त्यांचे यजमान, गणपतदादा. अबोल माणूस. त्यांनी आढ्याला टांगलेले दोन वाळके भोपळे उतरवले, त्यांची जोडी करून बायकोच्या पाठीला बांधली आणि स्वतः डोहाच्या काठी छत्री उघडून बसले. "बुडलीस तर लोकं मना बोलतील," एवढीच त्यांची काळजी. धुणं धुणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसत. "हसा गो," मंदाताई पाण्यातून ओरडत, "पन माझ्यापायी साबन वाया नका घालवू!" लुगडं पायात अडकू लागलं तसा त्यांनी पॉपलीनचा अंगभर पोशाख शिवला. त्यात हवा भरली आणि त्या पुरीसारख्या फुगून वर आल्या. मग उल्हासनगरहून ताणलं जाणारं काळं कापड आणलं आणि गुडघ्यापर्यंतचा पोशाख बेतला. तो बरोबर बसला.

नदीत पोहायचे त्या गावाचे दोन नियम होते. डोकं कायम वर, कारण लाकूड, साप, म्हैस, काय वाहत येईल सांगता येत नाही. आणि जिथे पोचायचं त्याच्या पुष्कळ वरच्या अंगाला नेम धरायचा. पाणी खाली ओढत नेतं आणि बरोबर मुक्कामाला सोडतं. दसऱ्याच्या सुमाराला ओढ कमी झाल्यावर मंदाताईंनी वरच्या पिंपळावर नेम धरला आणि भावाच्या आंब्याखाली लागल्या. ओलेत्याने दारात उभ्या राहिलेल्या नणंदेला बघून वहिनी आधी किंचाळली. मग म्हणाली, "काय गो, गाडी चुकली काय?"

चाळिशीपुढच्या बायकांच्या पोहण्याच्या शर्यती कल्याणला आहेत, हे मीच त्यांना पेपरातून वाचून दाखवलं. गंमत म्हणून. त्यांनी सुई वर करून मशीन थांबवलं आणि विचारलं, "जायचं कसं?"

गेलो आम्ही तिघं. तलावात दोऱ्या ताणून प्रत्येकीसाठी पट्टा आखला होता. शिट्टी वाजली आणि मंदाताईंनी सवयीने वरच्या अंगाला नेम धरला. पाणी काही त्यांना खाली आणेना. वाटेत दोरी आली, तर वाळत घातलेल्या लुगड्याखालून जावं तशी ती एका हाताने उचलून त्या पलीकडे गेल्या. मग दुसरी दोरी. समोरच्या भिंतीला त्या तिसऱ्याच बाईशेजारी पोचल्या. पंचांनी बाद केलं.

"बाद कशाला? पोचले ना मी?"

"बाई, तुम्ही दुसरीच्या पट्ट्यात पोचलात."

गावात बातमी आमच्या आधी पोचली होती. पुढे कितीतरी दिवस लोक त्यांना, "काय, कल्याणला माहेर शोधत होतीस काय?" म्हणून चिडवत. त्या हसत, पण शिवणात चुका होऊ लागल्या. एकीच्या पोलक्याला दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या. एका संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन बसल्या. "तिथलं पानी मेलं काय करतच नाय गो," त्या म्हणाल्या. "आमची नदी आपल्याला नेती. तिथं आपल्यालाच जावं लागतं. पुढल्या साली परत बाद झाले तर पानी सोडलं. मंग मी भली नि माझी मशीन भली." ती बाई पाणी सोडेल, ही कल्पनाच मला सहन होईना.

मी तलावाच्या काठावर उभी असताना एक गोष्ट बघितली होती, ती सांगितली. प्रत्येक पट्ट्याच्या तळाला एक काळी रेघ असते. मंदाताईंना ती दिसलीच नव्हती, कारण डोकं वर.

"रेघ?" त्यांचे डोळे चमकले. "मंग आधी नाय सांगायचं? रेघेवर तर मी डोळं मिटून कात्री चालवते!"

त्यांनी वर्षभराच्या पांढऱ्या चिंध्या जोडून लांबच लांब पट्टी शिवली. उन्हाळ्यात डोहाचं पाणी नितळ आणि थोपलेलं असतं. दादांनी पट्टीला जागोजागी दगड बांधले आणि ती डोहाच्या तळाला सोडली. आता तोंड पाण्यात घालणं आलं आणि मंदाताई इथेच अडल्या. ज्या बाईने भरली नदी ओलांडली, तिला पाण्यात डोळे उघडायची भीती वाटे. नाकात पाणी जाई, ठसका लागे, दादा छत्री टाकून उभे राहत. हसायला बसलेल्या बायका आता श्वास धरून बसू लागल्या. जेव्हा त्या पहिल्यांदा पट्टीवरून या टोकाकडून त्या टोकाला गेल्या, तेव्हा वर येऊन ओरडल्या, "खाली कुनीतरी खडूने आखून ठेवलंय गो!" पट्टी स्वतःच शिवलेली होती, हे त्या विसरल्या होत्या.

पुढच्या वर्षी पुन्हा कल्याण. शिट्टी झाली आणि मंदाताईंचं तोंड पाण्यात गेलं. निम्म्या वाटेवर त्या जुन्या सवयीने एका बाजूला तिरक्या होऊ लागल्या. दादा छत्री छातीशी धरून पुटपुटले, "रेघ बघ, मंदे, रेघ बघ." दोरीला बोटं लागता लागता त्या वळल्या आणि सरळ झाल्या. बाकीच्या बायका केव्हाच पोचून अंग पुसत होत्या. मंदाताई शेवटी आल्या, पण स्वतःच्या पट्ट्यातून, स्वतःच्या भिंतीला. कर्ण्यावरून त्यांचं नाव पुकारलं गेलं आणि मी रडले. दादा म्हणाले, "चला, आता शेवटची गाडी चुकंल."

पुढे त्या दर वर्षी जात राहिल्या. एकदा तिसऱ्याही आल्या. ते पदक मशीनच्या खणात बॉबिनांच्या सोबतीला असे.

माझी शहापूरला बदली झाली, तेव्हा त्यांनी मला काळ्या कापडाचं एक पुडकं दिलं. पोहण्याचा पोशाख. मी माणदेशातली, आमच्याकडे पाणी म्हणजे घागरीत मावेल तेवढंच. "ताई, मी जन्मात पाण्यात उतरणार नाही," मी म्हणाले.

"आज कोन बोलतंय? माझ्यायेवढी हो, मंग बघू."

त्या गेल्याचं दादांनी पत्राने कळवलं, पण ते मला फार उशिरा मिळालं. साधा ताप, चार दिवसांचा. पत्र मिळालं त्या आठवड्याच्या रविवारी मी ट्रंकेच्या तळातून ते पुडकं काढलं. पोशाख अंगावर चढेना. चाळिशी उलटली होती, मी अंगाने सुटले होते. उलटा करून बघितला तर दोन्ही कुशींच्या शिवणीत बोट-बोट कापड जादा दाबून ठेवलेलं. डावा खांदाही किंचित उतरता कापलेला. मी शिवण उसवली, दुसरी घातली. बरोबर बसला.

कल्याणच्या त्याच तलावात शिकाऊ बायकांच्या वर्गात मी नाव घातलं. पहिले काही दिवस नुसती भिंत धरून उभी राहिले. मग एका सकाळी तोंड पाण्यात घातलं आणि डोळे उघडले. खाली खरंच कुणीतरी आखून ठेवलं होतं.