राखेनं घासलेली बत्तीस बोअर

साऱ्या वाशीम जिल्ह्यात माणसाचं काळीज जागच्या जागी हलवून सोडायची ताकद माझ्या मावससासूइतकी दुसऱ्या कुणात नाही. मी रिसोडच्या एका शाळेत कारकून आहे आणि जन्मजात भित्रा आहे. शेजारी फटाक्यांची लड लागली की मी खिडक्या लावून घेतो. अशा माणसाच्या वाट्याला ही सासू यावी! लग्नानंतर मी पहिल्यांदा मंगरूळपीरला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा मावशी मागच्या अंगणात पाटावर बसून चुलीतल्या राखेनं भांडी घासत होत्या. मला पाहून त्यांनी बसल्या जागेवरूनच "जयभीम जावई, या" म्हटलं. समोर कढई होती, तवा होता, दोन तांबे होते, आणि तांब्यांच्या मधोमध एक रिव्हॉल्वर होतं. मी आधी ते पोरांचं खेळणं समजलो. मावशींनी ते पदराला पुसलं, माझ्या हातात दिलं आणि नळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "नयी उजेडाकडं धरून पाहा बरं, आत साफ दिसते काय? माया डोयाले आता बारीक दिसत नाई." ते गार, जड लोखंड हातात आलं. मी तिथेच तांब्याशेजारी बसलो. मावशींनी माझ्या हातातून ते हळूच काढून घेतलं आणि माझी नाडी पाहिली. "रिकामी आहे जावई," त्या म्हणाल्या, "भरलेली असती तर तुमच्या हाती देली असती काय?"

मावशी सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. मानोरा तालुक्यातल्या खेड्यापाड्यांतून त्यांनी पस्तीस वर्षं बाळंतपणं केली. पोहरादेवीच्या यात्रेतल्या गर्दीत, बैलगाडीच्या आडोशाला लुगडं धरून त्यांनी एकदा जुळी मुलं सोडवली होती. त्यांच्या हातात शस्त्र यायचं कारण मात्र वेगळं होतं. जळालेल्या एका सुनेनं मरता मरता जे सांगितलं, ते मावशींनी कोर्टात जसंच्या तसं सांगितलं. सासरची माणसं तुरुंगात गेली आणि मावशींच्या दाराखाली चिठ्ठ्या येऊ लागल्या. एकटी बाई, रात्री-अपरात्री खेड्यात जाणारी. तेव्हा सरकारनं त्यांना परवाना दिला. सरकारचा अंदाज असा होता की बाई ते शस्त्र कपाटात ठेवील आणि निश्चिंत झोपेल. पण सरकार मावशींना ओळखत नव्हतं.

अकोल्याकडचे खानचाचा परवान्याचे शस्त्रविक्रेते. त्यांनी मावशींपुढे चकाचक नवी रिव्हॉल्वरं मांडली, तर मावशींचं लक्ष गेलं कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या विलायती रिव्हॉल्वरकडे. बत्तीस बोअर. मुठीला डावीकडे चीर, नळीच्या तोंडाला ठेच, चाप ढिला, आणि गोळ्यांच्या चकरीचं सहावं घर इतकं घट्ट की काडतूस काढायला बोटानं टिचकी मारावी लागायची. खानचाचा म्हणाले, "सिस्टर, ये तो पुरानी है." मावशी म्हणाल्या, "म्हणूनच. इतके वर्षं काम केलं तिनं, मायाकडं काहून नाई करणार? नव्याचा काय भरोसा?" जुन्या वस्तूवरचा त्यांचा हा विश्वास घरभर पसरलेला आहे. शिलाई मशीन कुणाचं तरी, घड्याळ कुणाचं तरी, सायकल तर तीन हातांतून आलेली. माझं स्थळ सांगून आलं तेव्हा मला आधी दोन मुलींनी नाकारलं होतं, ते ऐकून माझी सासू नाराज झाली. मावशींनी मात्र तिथेच पसंती दिली. "दोन जागी तपासून झाला आहे, आता कायले भेतं तू?" असं त्या आपल्या बहिणीला म्हणाल्या. हे मला लग्नानंतर बायकोनं सांगितलं, आणि अजूनही भांडणात सांगते.

घेतलेली वस्तू वापरलीच पाहिजे, हा त्यांचा दुसरा कायदा. महिन्यातल्या एका रविवारी त्या एसटीनं खानचाचांच्या ओळखीच्या नेमबाजीच्या मैदानावर जात. खानचाचाच तिथे देखरेखीला असत. टांगलेल्या लोखंडी पाटीवर मावशी मोजून बारा गोळ्या झाडत आणि दुपारी परत येत. पुढेपुढे गुडघे दुखायला लागले म्हणून सोबतीला मला धरलं. पहिल्याच फेरीत, खच्चून भरलेल्या बसमध्ये, शेजारच्या बाईंना मळमळायला लागलं. "जावई, पिशवीतून लिंबू काढा," मावशी म्हणाल्या. मी हात घातला. भाकरीचा डबा लागला, ठेच्याची बाटली लागली, आणि मग ती गार मूठ लागली. मी ओरडलो. सगळी बस माझ्याकडे पाहायला लागली. मावशी शांतपणे म्हणाल्या, "लिंबू खाली आहे," आणि शेजारच्या बाईंना सांगितलं, "जावई जरा नाजूक आहेत." गावात कंत्राटं घेणाऱ्या एका गुत्तेदाराकडेही रिव्हॉल्वर होतं. त्याला ते वरातीत कमरेला लावून फिरायची हौस. मावशींनी भर मांडवात त्याला विचारलं, "किती गोया झाडल्या आजवर?" तो म्हणाला, एकही नाही. "मंग कायले वागवतं तिले? तिचं काम तिले करू देत नाई, अन् सोताले मर्द समजतं!" मांडवातली वाजंत्री थांबली होती, एवढं मला आठवतं.

त्यांच्या या हट्टाची दुसरी बाजूही होती, ती मला बायकोकडून कळली. नोकरीच्या शेवटच्या वर्षी एका तान्ह्या बाळाला सलाईन लावताना मावशींचा हात एकदा, फक्त एकदा थरथरला. बाळाला काही झालं नाही, कुणाला कळलंही नाही. मावशींनी सुई ट्रेमध्ये ठेवली, दुसऱ्या नर्सला बोलावलं, आणि त्या दिवसानंतर कुणालाही सुई टोचली नाही. निवृत्त होईपर्यंत त्या नोंदी लिहीत बसल्या. डॉक्टरांनी समजावलं तेव्हा म्हणाल्या, "हात मायं ऐकत असंल तरच सुई हाती धरीन."

निवडणूक लागली की परवान्याची सगळी शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. माहेरवाशीण पाठवावी तशी मावशी रिव्हॉल्वरची पाठवणी करत. स्वच्छ सुती फडकं, तेलाची छोटी बाटली, आणि ठाण्यातल्या म्हाताऱ्या हवालदाराला सूचना. पहिल्या खेपेला परत घेताना मावशींना मुठीवर नवा ओरखडा दिसला आणि त्यांनी ठाणं डोक्यावर घेतलं. हवालदार इतका धसकला की पुढच्या वेळेपासून तो जमा करून घेतानाच रजिस्टरमध्ये तिचं सगळं जुनं दुखणं लिहून ठेवू लागला. चीर कुठे, ठेच कुठे, ओरखडा कुठे; नंबर तेवढा परवान्यावरून उतरवी. खाली मावशींची सही घेई. "उद्या मायावर आळ नोको," असं म्हणे.

गेल्या निवडणुकीला मावशी मला सोबत घेऊन रिव्हॉल्वर जमा करायला गेल्या, तर टेबलाशी नवे साहेब होते. त्यांनी भिंग घेतलं आणि नंबर शोधायला लागले. नंबर नव्हता! नळीवर नाही, चकरीवर नाही, कुठेच नाही. मुळात झिजलेला तो नंबर मावशींनी इतक्या वर्षांत कढई घासावी तसा राखेनं घासून साफ पुसून टाकला होता. साहेब म्हणाले, "बाई, नंबर मिटवलेलं हत्यार म्हणजे गुन्हा आहे. हे तुमचं परवान्यातलंच कशावरून? चोरीचं ठरलं तर जप्त होईल, आणि शेवटी भट्टीत वितळवतील." मावशींचा चेहरा मी पहिल्यांदा पांढरा पडलेला पाहिला. "म्या फक्त साफ ठेवली, साहेब," त्या म्हणाल्या. एवढंच. आणि मग मला आजही खरं वाटत नाही असं काही घडलं. मी, खिडक्या लावून घेणारा मी, टेबलावर हात आपटून म्हणालो, "साहेब, ती आमच्या घरातली आहे!" साहेब दचकले. त्यांच्यापेक्षा मी जास्त दचकलो.

तेवढ्यात म्हातारा हवालदार रजिस्टरांचा गठ्ठा घेऊन आला. मागच्या चार निवडणुकांच्या चार नोंदी, प्रत्येकीखाली मावशींची सही. मुठीला डावीकडे चीर, नळीच्या तोंडाला ठेच, चाप ढिला, सहावं घर घट्ट. साहेब एकेक वाचत गेले आणि समोरच्या रिव्हॉल्वरवर बोट ठेवत गेले. सहाव्या घरात घालून पाहिलेलं काडतूस त्यांच्याच्यानं निघेना. "टिचकी मारा," मावशी आणि हवालदार एकदमच म्हणाले. पुढे खानचाचांच्या दुकानातली जुनी नोंद आली, अर्ज गेले, मंगरूळपीर ते वाशीम हेलपाटे झाले. मी शाळेतून इतक्या रजा काढल्या की मुख्याध्यापकांना माझी सासू अत्यवस्थ वाटली. शेवटी वरून हुकूम आला, नंबर पुन्हा ठोकला गेला आणि रिव्हॉल्वर घरी आलं. मी पेढे वाटले. का, ते विचारू नका.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही मैदानावर गेलो. मावशींनी दोन्ही हातांनी नेम धरला आणि गोळी झाडली. पाटी वाजली नाही. दुसरी झाडली, तीही मागच्या मातीत गेली. तिसऱ्या वेळी नळीचं टोक थरथरताना मला पाच पावलांवरून दिसलं. मावशींनी गोळी झाडली नाही. नळी खाली केली, चकरी उघडली, टिचकी मारून सहावं काडतूस काढलं, आणि म्हणाल्या, "खानचाचा, हिच्यासाठी गिऱ्हाईक पाहा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकतोय. ही वस्तू घरातून जावी म्हणून मी पंधरा वर्षं मनातल्या मनात हात जोडले होते, आणि आता मी मैदानाच्या मधोमध उभा राहून मावशींना विनवत होतो. राहू द्या, कपाटात राहील, मी स्वतः तेल देईन. "इतकं भांडलो आपण मावशी, ते कशासाठी? आता देऊनच टाकायची होती तर?"

"मायासाठी नाई भांडले म्या," मावशी म्हणाल्या. "मायी चूक, अन् तिले वितळवून टाकत होते. आता तिचं नाव साफ झालं. हात मायं ऐकून नाई राह्यला. मायासंगं तिनं कपाटात कायले मरावं?" मग खानचाचांकडे वळून म्हणाल्या, "मिरवणाऱ्याले देऊ नोका. झाडणाऱ्यालेच द्या. अन् सहाव्या घराचं सांगा त्याले." खानचाचांनी मान हलवली आणि रिव्हॉल्वर त्या सुती फडक्यातच गुंडाळून घेतलं. मला फार वाईट वाटलं. एका लोखंडाच्या तुकड्यासाठी माझ्यासारख्या माणसाला रडू यावं, याचाही मला धक्काच बसला.

परतीच्या बसमध्ये नेहमीसारखीच गर्दी होती. मावशींना खिडकीशी जागा मिळाली. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले, इतकी वर्षं ठेवत होत्या तसेच. आत आता फक्त भाकरीचा रिकामा डबा होता. मी म्हटलं, "मावशी, द्या इकडे, वर ठेवतो." त्यांनी पिशवी आणखी जवळ ओढली. "राहू द्या जावई," त्या म्हणाल्या, "जड नाई आता."