सुकटवाली आणि अमेरिकन गोष्ट

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पालघरच्या एका वाचनालयात माझं व्याख्यान होतं. सुरुवातीच्या अमेरिकन कथाकारांनी भुताखेतांच्या गोष्टींआडून आपल्याच समाजाचे कान कसे उपटले, हा विषय. मी भलताच रंगात आलो होतो. अशीच एक कथा हातवारे करून वाचत होतो: चर्चमध्ये जमलेले प्रतिष्ठित गावकरी एका एकट्या बाईला चेटकीण ठरवून गावाबाहेर काढायला निघालेत.

तेवढ्यात किनाऱ्यावरच्या दांडी गावाकडची एक सुकटवाली आत आली आणि शेवटच्या खुर्चीवर बसली. पाटी तिने दोन्ही पायांमध्ये घट्ट धरली. पदराने वारा घेता घेता तिचा हात थांबला आणि ती मान पुढे काढून ऐकू लागली. पुढच्या रांगेतले रुमाल नाकाला लागले. वाचनालयाचे सचिव उठून तिच्यापाशी गेले.

"मावशी, बाहेर जा. वास येतोय, लोकांना त्रास होतो."

मी वाचायचा थांबलो.

सचिवांकडे न बघता ती मला म्हणाली, "भाऊ, त्या बायला काढली का नाय, तेवढं सांग. मंग जाते मी."

छापील कथेत तिला काढतात. ती ओळ माझ्या बोटाखालीच होती. मी चष्मा काढला आणि आवाज चढवून म्हणालो, "मावशी, गावकऱ्यांचं अजून ठरायचंय!"

सगळ्या माना सचिवांकडे वळल्या. ते तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसले आणि घसा खाकरून म्हणाले, "वाचा पुढे."

आता पंचाईत माझी होती. त्या अमेरिकन लेखकाची मनातल्या मनात माफी मागितली आणि बाईला गावातच ठेवलं.