हेडर फाइलवरचं कुंकू

दसऱ्याला ऑफिसातल्या कॉम्प्युटरची पूजा माझ्याकडे असायची. ठाकूरद्वारला दोन खोल्यांचं ऑफिस, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत लाठ्या खाल्लेले मालक आणि प्रोग्रॅम लिहिणारे आम्ही दोघं. मी सीनियर. दुसरा वरळीच्या बीडीडी चाळीतला, तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलेला. वडिलांची गिरणी बंद पडलेली, घरात पगार याचाच. दिवाळीला त्याला कायम करायचं ठरलं होतं.

त्या दसऱ्याला तो रजा घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेला होता. मी मशीनला झेंडूचा हार घातला आणि हौस बघा, फ्लॉपींनाही हळदकुंकू वाहिलं! दुसऱ्या दिवशी हेडर फाइल फ्लॉपीवरून मशीनवर उतरवताना मध्येच अडली. थांबू, पुन्हा वाचू की दुर्लक्ष करू, असं मशीनने विचारलं. मला घाई. मी दुर्लक्षाचं बटण दाबलं आणि विसरून गेले.

हेडर म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमना लागणारी सामायिक फाइल. आपलं लिखाण मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर आधी ती वाचतो, मग तुमचा प्रोग्रॅम. तिचं शेपूट तुटलं असेल तर एरर दिसते ती तुमच्या पहिल्या ओळीवर.

तो परत आला, प्रोग्रॅम चालवला आणि स्क्रीनभर एरर. काम दोन दिवसांत गिऱ्हाइकाला द्यायचं होतं.

"मॅडम, पहिल्याच ओळीला अडतंय. चूक वरून येतेय. हेडर उघडून बघूया ना."

हेडरला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा नियमही माझाच.

"हेडर मी लिहिलंय," मी फाडकन म्हणाले. "आधी स्वतःचं नीट कर. तुम्हा लोकांना सुट्ट्या तेवढ्या बरोब्बर आठवतात."

तुम्हा लोकांना! अजूनही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. तो दोन दिवस मान खाली घालून स्वतःची एकेक ओळ तपासत बसला.

तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाने आरडाओरडा केला. मालकांनी मला विचारलं, "याला जमेल का गं?"

"नाही वाटत," मी म्हटलं. झालं. त्याला घरी जायला सांगितलं. दारात चपला घालताना म्हणाला, "मॅडम, हेडरची शेवटची ओळ एकदा बघा."

तो जिना उतरला आणि मी फाइल उघडली. शेवटी नुसता कचरा. फ्लॉपी काढली, तर तिच्या फटीत कुंकू. जुन्या प्रतीवरून हेडर पुन्हा उतरवलं. त्याचा प्रोग्रॅम एक अक्षर न बदलता चालला.

"काय केलंस?" मालक धावत आले.

"थोडं दुरुस्त केलं."

"शाब्बास!" म्हणून त्यांनी पेढ्यांचा पुडा फोडला. आमच्या खिडकीतून बसस्टॉप दिसायचा. तो अजून तिथेच उभा होता, हातात डबा घेऊन. एक हाक मारली असती तर वर आला असता.

मी खिडकीकडे पाठ केली आणि पेढा घेतला.