पडद्यावर भरलेली विहीर

शनवारा मोहल्ल्यातल्या मंदाकिनीबाई शाळेत भूगोल शिकवायच्या. निवृत्तीनंतर त्या भूजलाचं सॉफ्टवेअर शिकायला बसल्या, तेव्हा मी, त्यांचा जुना विद्यार्थी, थक्कच झालो. शाहपुरातली माहेरची विहीर आटली होती आणि धाकटा भाऊ लोटू ती बुजवायला निघाला होता. पाणी परत येईल का, एवढंच बाईंना पाहायचं होतं.

सॉफ्टवेअर जमिनीचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातली पाण्याची पातळी काढतं. बाईंनी माती, पाऊस, तापी, सगळं भरलं आणि बटण दाबलं. विहिरीचा चौकोन निळा झाला.

"बघ, इथंच मी पोहायला शिकले," त्या म्हणाल्या. मोटेचा आवाज, पायऱ्यांवरचं शेवाळ, कितीतरी वेळ बोलत राहिल्या. मग त्यांनी लोटूला फोन लावला.

"अक्का, ट्यूबवेल टाकल्या का त्यात? चारही बाजूंना केळी आहे, सगळी ट्यूबवेलच्या पाण्यावर. भूल गई क्या?"

बाईंनी भरलेली माहिती पुन्हा पाहिली. त्यांनी लहानपणचं गाव भरलं होतं. त्यात एकही ट्यूबवेल नव्हती.

त्यांनी एकेक ट्यूबवेल टाकली. चौकोन कोरडा पडला.

"बुजव रे," त्यांनी पुन्हा फोन करून लोटूला सांगितलं. "पण मी येईपर्यंत थांब. नारळ वाहिल्याशिवाय माती टाकू नको."