तायड्यांच्या पुस्तकातलं एकोणिसावं पान

पोह्यांवर झाकण ठेवून शारदा वरून भुरभुरायच्या जिरावण मसाल्याची बाटली शोधत होती, तेवढ्यात दारावर थाप पडली. घंटी चांगली चालू असताना थाप मारणारं माणूस म्हणजे एक तर जुन्या वळणाचं, नाहीतर फार घाईचं. पेपरातून मान वर न काढता तिचा नवरा देवेंद्र म्हणाला, "बघ गं, प्रेसवाल्या भियाने माणूसच पाठवला वाटतं."

छापखान्याचा माणूस नव्हता. दारात कांताबाई तायडे उभ्या होत्या. पांढरी सुती साडी, काखेत कापडी पिशवी, चपला आधीच काढून भिंतीशी जोडीने लावलेल्या.

"मॅडमजी, पुस्तक आज छापायला जातंय ना? मला एकदा बघू द्या. संबोधीने मोबाइलवर दाखवलं, पण त्यात मला नुसत्या मुंग्या दिसतात."

संबोधी म्हणजे त्यांची नात. तिचं रविवारी लग्न होतं, आणि येणाऱ्या प्रत्येक घराला तायडे कुटुंबाचं पुस्तक भेट द्यायचं ठरलं होतं. असली पुस्तकं शारदाच करायची. चार वर्षांपूर्वी सासऱ्यांचे जुने दरबारी कागद नीट लावायला म्हणून तिने कॉम्प्युटरवर वंशावळीचं सॉफ्टवेअर घेतलं, आणि बघता बघता इंदूरमधल्या मराठी घरांतून पिशव्या भरभरून फोटो आणि सर्टिफिकिटं येऊ लागली. एकेका माणसाची माहिती एकदा भरायची. मग त्यातूनच झाड निघतं, पिढीवार वृत्तांत निघतो, शेवटी नावांची सूचीसुद्धा.

झाड म्हणतात खरं, पण शारदाला ते कधी झाडासारखं दिसलंच नाही. तायड्यांचं तर तिला महूच्या पलटणीतल्या क्वार्टरांसारखं वाटायचं, थंडीतल्या पहाटेच्या धुक्यात बुडालेलं. एकेक चौकोन म्हणजे एकेक खोली, मधल्या रेघा म्हणजे पायवाटा. माउस सरकवत ती त्या वाटांनी हिंडायची. कुणी शिपाई पट्ट्याचं पितळ घासत बसलेला, कुणी बाई ओले केस पाठीवर सोडून उन्हाची वाट बघणारी. आवाज कुणाचाच येत नसे. फक्त सगळे घरी आहेत असं वाटायचं. मग देवेंद्र ओरडायचा, "गेली पुन्हा महूला! ये परत, दूध उतू चाललंय!"

आज तिने कांताबाईंना स्क्रीनसमोर बसवलं, हातात पोह्यांची बशी दिली आणि अक्षर मोठं केलं. कांताबाईंनी बशी बाजूला ठेवली. पलटणीबरोबर महूला आलेल्या आजेसासऱ्यांपासून त्या वाचत निघाल्या, बोट काचेला न टेकवता, हवेतच धरून.

"हे बरोबर. हेपण बरोबर. आमच्या सासूबाईंचं नाव छान आलंय हो, ठळक. जिवंतपणी कुणी एवढ्या मोठ्या आवाजात घेतलं नव्हतं."

एकोणिसाव्या पानावर त्या स्वतः होत्या. सतराव्या वर्षी लग्न होऊन महूला आलेल्या. नवरा यशवंत, फौजेच्या वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर. त्या स्वतः एकतीस वर्षं अंगणवाडीत. गल्लीतल्या कितीतरी लेकरांची नावं त्यांच्या हाताने रजिस्टरात चढलेली. आणि खाली सॉफ्टवेअरने जुळवलेलं वाक्य होतं: 'यशवंत व कांता यांना दोन अपत्ये झाली. १. ज्ञानदीप. २. प्राची.'

कांताबाईंचं बोट तिथेच अडलं.

"हे चूक आहे."

"जन्मतारीख ना? ज्ञानदीपजींनी स्वतः तपासलीय, आजी."

"तारीख बरोबर आहे. नंबर चूक आहे. मी फॉर्मवर लिहून दिलं होतं."

शारदाने तायड्यांची फाइल काढली. कांताबाईंच्या हातचा फॉर्म, टपोरं, सरळ अक्षर. मुलांच्या रकान्यात ज्ञानदीपच्या नावाच्या वर एकाखाली एक, दोन छोटे गोल. शारदाला आठवलं, फॉर्म भरताना बॉलपेन चालतो का बघितलं असेल, असं समजून तिने ते सोडून दिले होते.

"अंगणवाडीत आम्ही तसंच करायचो," कांताबाई म्हणाल्या. "लेकरू जन्मलं की रजिस्टरात लगेच चढवायचं, पण नाव ठेवलेलं नसायचं. मग नावाच्या जागी गोल. नाव ठेवलं की गोलात लिहायचं. हे दोन भरलेच नाहीत."

स्वयंपाकघरातला कुकर गार होत होता. देवेंद्रने पेपर खाली केला.

"पहिला मुलगा होता. आठ दिवस राहिला. दुसरी मुलगी, ती तर एकच रात. केस मात्र डोकंभर." त्यांनी स्वतःच्या कानावरून हात फिरवला, जणू केस तिथे होते. "तिसऱ्या वेळी ज्ञानदीप झाला, तेव्हा सासूबाईंनी त्याला पदरात घेतलं आणि दारात जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, हा दगडू. दगड झालाय आमच्याकडे, दगडाला कोण नेणार? आम्ही बुद्धवंदना म्हणणारी माणसं, असल्या गोष्टी मानत नव्हतो. सासरेबुवा चिडले. पण माझा जीव तेव्हा मुठीत. मी म्हटलं, असू द्या दगडू. पाच वर्षांचा होईपर्यंत तो दगडूच होता. शाळेत घातला तेव्हा ज्ञानदीप झाला."

"त्यांना माहीत आहे?"

"घरचं नाव माहीत आहे. लाजतो. बँकेत मॅनेजर ना, कुणी दगडू म्हटलं तर केबिन हलते त्याची!" त्या हसल्या, मग थांबल्या. "दगडू का, ते त्याने कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. यशवंत गेले, सासूबाई गेल्या. आता त्या दोन लेकरांना बघितलेलं माणूस मी एकटीच राहिले."

शारदा स्क्रीनकडे वळली. सॉफ्टवेअरमध्ये एक खूण होती: निनावी नोंदी गाळा. प्रत्येक पुस्तक छापायला देताना ती ही खूण करायची, कारण नुसत्या रेघा आणि प्रश्नचिन्हांनी पान उघडंबोडकं दिसतं. सासऱ्यांच्या पुस्तकातही तिने तेच केलं होतं. धुक्यातल्या त्या खोल्यांच्या मधे मधे जी मोकळी जागा दिसायची, ती तिला अंगण वाटत आली होती. आता तिला तिथे पाळणे दिसू लागले, हलके हलके झुलणारे, आत कुणी आहे की नाही ते न कळणारे.

मोबाइल वाजला. देवेंद्रने उचलला. "हो भिया, हो, बारापर्यंत देतो. अरे यार, फाइनलच आहे." फोन ठेवून तो हळूच म्हणाला, "शारदा, ज्ञानदीपजींनी मंजुरी दिलीय. त्यांना न विचारता बदललं तर उद्या इथे येऊन भांडतील."

"भांडू द्या," कांताबाई म्हणाल्या. "सायब तो बँकेत. घरी माझा मुलगा आहे. आज दुपारी जेवायला येईल तेव्हा मी त्याला सांगणार आहे. पण पुस्तकात असेल तर सांगायला जोर येईल."

शारदाचे डोळे भरून आले होते. तिला त्या बाईला काहीतरी मोठं द्यावंसं वाटलं. "आजी, आपण एक वेगळं पान करू. वर कमळाचं फूल, खाली दोन ओळी, आठवण म्हणून. आणि नावं... अजून वेळ गेलेली नाही. तुम्ही सांगा, मी घालते. काय ठेवायचं मनात होतं?"

कांताबाईंनी पिशवी काखेत घेतली, तरी त्या उठल्या नाहीत. फॉर्मच्या रकान्यातल्या दोन गोलांवरून त्यांनी बोट फिरवलं. मग अंगणवाडीत नवीन बाईला रजिस्टर समजावून सांगावं, तशा शांतपणे म्हणाल्या,

"नाव नको, मॅडमजी. पानपण नको, फूल नको. ज्ञानदीपच्या पुढे तीन लिहा, आणि प्राचीच्या पुढे चार. एवढंच करा."