थरथर कुणाची

आमच्या किनवटच्या दुकानात खरादावर, म्हणजे लाकूड गोल फिरवून कातायच्या यंत्रावर, हक्क अण्णाचा. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. पलंगाचे पाय, पाळण्याचे खांब, सगळं त्याच्याच हातचं. मी घासायचं, पॉलिश मारायचं आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं. पन्नाशी ओलांडली तरी माझी बढती काही झाली नव्हती.

दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. एका सकाळी सागवान गुळगुळीत उतरायच्या ऐवजी त्यावर कंगवा ओढल्यासारख्या रेघा उठायला लागल्या. एक पाय, दोन पाय, तिसराही तसाच. नेमका त्याच दिवशी अण्णाचा मुलगा लातूरहून आला होता, दोन गिऱ्हाइकंही बसली होती. मी तो पाय उचलला आणि सगळ्यांदेखत बोलून मोकळा झालो, "अण्णा, तुझा हात थरथरायलाय. वय झालं आता."

अण्णानं हातातलं हत्यार खाली ठेवलं. पुतण्याला मात्र तेवढंच हवं होतं. बापाला लातूरला नेऊन घरी बसवायचं, हा त्याचा दोन वर्षांचा हट्ट. "रविवारी गाडी घेऊनच येतो," म्हणाला आणि गेला. खोटं कशाला बोलू, मला आतून बरं वाटलं. खराद आता माझा होणार होता.

शुक्रवारी मी ऐटीत खरादासमोर उभा राहिलो. पहिल्याच पायावर त्याच रेघा. दुसऱ्यावर जास्तच. हत्यार लाकडाला लागलं की थंडीत दात वाजावेत तसा आवाज यायचा. माझा हात तर ठणठणीत होता! मोटर बंद केली, लाकूड फिरवणाऱ्या दांड्याखाली, म्हणजे स्पिंडलखाली, फळीचा तुकडा घालून ते वर उचललं. केसभरच, पण हललं. मागचा नट पाव फेरा आवळला. हलणं थांबलं, पण दहा मिनिटांत बेअरिंगच्या झाकणावर बोट ठेववेना. नट ढिला केला की पुन्हा थरथर. आवळला की तापतंय, सोडला की हलतंय. दुपारपर्यंत हेच चाललं, आणि अण्णा दारातल्या खुर्चीवर बसून सगळं पाहत होता.

"नटाचा दोष न्हाई," शेवटी तो म्हणाला. "दुपारचं कुणी न्हाई दुकानात. खोलून बघ."

खोलायची मला भीती वाटत होती. आत काही निघालं, तर मी बोललेलं मलाच गिळावं लागणार होतं. तरी स्पिंडल काढलं. बोटाला आलेलं ग्रीस विटकरी होतं. चोळलं तर करकरलं. रोलरच्या फटीत एक अर्धवट चेचलेली अक्षत अडकली होती, आणि रोलरवर बारीक खड्डे पडले होते.

खंडेनवमीला यंत्रात नवं ग्रीस भरायचं आणि पूजा करायची, हा आमचा रिवाज. अण्णा आधी ग्रीस भरायचा, झाकण बसवायचा, हात साबणानं धुवायचा आणि मगच हळदीकुंकवाला शिवायचा. यंदा तो तापानं घरी पडून होता, म्हणून पूजा मी केली. नारळ फोडला, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. मग ग्रीस राहिलं हे आठवलं, आणि त्याच बरबटलेल्या हातानं झाकण उघडून ते भरलं. अगदी भक्तिभावानं.

शनिवारी सकाळच्या गाडीनं नांदेडला जाऊन नवी बेअरिंग आणली. बसवून नट आवळला, मग किंचित मागं घेतला. अर्धा तास खराद चालवला. झाकण नुसतं कोमट राहिलं, पायही आरशासारखा उतरला. मी अण्णासमोर जाऊन उभा राहिलो. "चूक माझी हाय. तुझ्या हाताला काही झालेलं न्हाई."

"मला ठावं होतं," अण्णा म्हणाला. "झाकणाच्या कडेला कुंकू दिसलं तवाच. खोलायला घेणार, तेवढ्यात तू बोललास."

"मग तेव्हाच का न्हाई सांगितलं?"

"गिऱ्हाईक बसलं होतं, पोरगं उभं होतं. चारचौघांत तुझं तोंड पाडू का?"

माझं तोंड वाचावं म्हणून हा माणूस उद्या लातूरला जायला निघाला होता. कपड्यांची पिशवीसुद्धा भरून ठेवली होती, हे मला वहिनीकडून कळलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

लगेच फोन करता आला असता, पण केला नाही. संध्याकाळचं गिऱ्हाईक यायची वाट पाहिली. तिघं जण बाकावर बसले, तेव्हा पुतण्याला फोन लावला. गाडी आणू नको म्हटलं, का ते सांगितलं, कुंकू-अक्षतेसकट. बाकावरचे तिघं बोलायचे थांबले. मी आवाज आणखी मोठा केला.